झाकूनही झाड करपतं? थंडीच्या लाटेत परसबागेचं नेमकं कुठे बिनसतं

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की नाशिक-निफाडच्या पट्ट्यात ठरलेल्या तीन तक्रारी ऐकू येतात. "रात्री चादरीने चांगलं गुंडाळलं होतं, तरी सकाळी पपईची पानं काळी." "पेपरात तर ८ अंश होते, तेवढ्याने झाड कसं जाईल?" आणि तिसरी, "दरवर्षी हेच झाड जातं, चार पावलांवरचं मात्र ठणठणीत."

तिन्हींचं मूळ एकच आहे. झाडाला मारणारी थंडी पेपरातली नसते. ती तुमच्या अंगणातल्या त्या ठरावीक वाफ्यातली, पहाटे पाचपासून सूर्य वर येईपर्यंतची असते. आणि तिला तोंड द्यायला तुमच्याकडे भांडवल एकच, ते म्हणजे दिवसभरात जमिनीत मुरलेलं ऊन. झाकण, पाणी, शेकोटी, जे काही कराल ते या हिशोबात बसलं तर उपयोगाचं. नाहीतर रात्रीची नुसती धावपळ.

मुंबई, रत्नागिरी, पणजीच्या मंडळींनी हे वाचून गोणपाट विकत आणायला धावू नये, समुद्र तुमची काळजी घेतो. हे लिहिलंय ते नाशिक, धुळे, जळगाव, परभणी, गोंदियाकडच्या आणि महाबळेश्वर-पाचगणीच्या वाचकांसाठी. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मराठी घरांना तर हे आमच्यापेक्षा जास्त लागू पडेल.

आधी खात्री करा, हे थंडीचंच काम आहे ना?

जानेवारीत पान काळं पडलं की सगळं खापर थंडीवर फुटतं. पहाटे एक पान हातात घेऊन नीट बघा. थंडी लागलेलं पान सुरुवातीला काळं नसतंच. ते नेहमीपेक्षा गर्द हिरवं आणि ओलसर दिसतं. उजेडासमोर धरलं तर मधे मधे तेलकट डाग दिसतात, जिथून प्रकाश आरपार येतो. बोटाने दाबलं तर ती जागा लिबलिबीत लागते. ऊन चढलं की ते पान मान टाकतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तपकिरी होतं आणि मग काळं, कुरकुरीत.

सगळ्यात पक्की खूण वेगळीच आहे. झाडाच्या शेंड्याची, थेट आकाशाकडे तोंड असलेली पानं आधी जातात आणि त्यांच्या आडोशाला असलेली खालची पानं शाबूत राहतात. एकाच पानाचा अर्धा भाग दुसऱ्या पानाखाली असेल तर तेवढाच अर्धा हिरवा उरतो, चक्क रेघ मारल्यासारखी सीमा दिसते. बुरशीचं तसं नसतं. करपा बहुतेकदा खालच्या जुन्या पानांवर सुरू होतो, ठिपके रोज थोडे थोडे वाढतात. थंडीचं नुकसान एका रात्रीत होतं आणि पुढची थंड रात्र येईपर्यंत वाढत नाही.

काही गोष्टी तर आजारच नसतात. टोमॅटोच्या पानांची खालची बाजू जांभळट झाली, तर गार मातीत मुळांना स्फुरद (फॉस्फरस) उचलता येत नाही एवढाच त्याचा अर्थ. डीएपी हे स्फुरदाचं खत टाकू नका, मातीत स्फुरद असतोच. ऊब आली की रंग आपोआप जातो. कढीपत्ता पिवळा पडून पानं गाळतो, खुरचाफा उघडाबोडका होतो, ॲडेनियम झोपी जातो. ही त्यांची विश्रांती आहे. त्यांना "सुकतंय" म्हणून रोज तांब्याभर पाणी घालणारी माणसं थंडीपेक्षा जास्त झाडं मारतात, कारण झोपलेली मुळं पाणी पीत नाहीत आणि गार चिखलात कुजतात.

पेपरातले अंश आणि तुमच्या वाफ्यातले अंश

हवामान खात्याचा तापमापक लाकडी, झडपांच्या पेटीत, जमिनीपासून साधारण चार फुटांवर असतो. तो हवेचं तापमान सांगतो. तुमच्या मिरचीचं पान मात्र जमिनीलगत, उघड्या आकाशाखाली असतं. निरभ्र रात्री पान आपली उष्णता थेट आकाशात सोडत राहतं आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही दोन-तीन अंशांनी गार होतं. म्हणजे पेपरात ८ असताना पानावर ५ असू शकतात.

त्यात पेपरातला आकडा कुठला, हेही बघायला हवं. निफाडचा म्हणून जो आकडा छापून येतो तो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा असतो. परभणीत कृषी विद्यापीठाच्या परिसरातला आकडा शहरातल्या आकड्यापेक्षा बऱ्याचदा कमी असतो. महाबळेश्वरला तर गंमतच असते. गावात पारा अजून बरा असताना वेण्णा तलावाच्या जेटीवर आणि लिंगमळ्याच्या बाजूला दवबिंदू गोठून पांढरा थर बसतो, आणि पर्यटक त्याचे फोटो काढत असतात. अंतर किती, तर थोडेच किलोमीटर.

हवामान खात्याच्या व्याख्येत मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी कमी असेल तर थंडीची लाट. सरासरी काहीही असो, ४ अंशांवर उतरलं तरी लाट, आणि २ अंशांवर उतरलं तर तीव्र लाट. ही व्याख्या सगळ्यांसाठी आहे, ॲग्लोनिमासारख्या नाजूक शोभेच्या झाडांसाठी नाही. केळी, पपई, अँथुरियम, ऑर्किड, क्रोटन, मनी प्लांट ही उष्ण कटिबंधातली मंडळी १० अंशांच्या आसपासच कुरकुरायला लागतात. पाणी गोठायची गरजच नसते. पेशींचे पडदे गारठून ताठर होतात आणि आतला रस झिरपायला लागतो. म्हणून "बर्फ कुठे पडला होता?" हा प्रश्न गैरलागू आहे.

एक साधा डिजिटल तापमापक घ्या, वायरच्या टोकाला सेन्सर असलेला, फ्रीजसाठी मिळतो तसला. किमान तापमान लक्षात ठेवणारा असेल तर उत्तमच. सेन्सर झाडाच्या उंचीवर, उघड्या आकाशाखाली बांधा. या एका वस्तूने निम्मा गोंधळ संपतो.

दरवर्षी तेच झाड का?

गार हवा जड असते आणि पाण्याच्याच नियमाने उताराकडे वाहते. निफाड तालुका गोदावरी-कादवेच्या सखल खोऱ्यात आहे, म्हणून तिथे रात्री गारवा साचतो. हेच तुमच्या अंगणातही लहान प्रमाणात घडतं. उताराच्या टोकाला कंपाउंडची भिंत असेल तर गार हवा तिथे अडते आणि तुंबते. मग भिंतीलगतची पपई जाते आणि वरच्या अंगाची वाचते, जरी भिंतीलगतची जागा आपल्याला "आडोशाची" वाटत असली तरी.

ती जागा शोधणं अवघड नाही. पावसाळ्यात अंगणातलं पाणी जिथे सगळ्यात शेवटी हटतं, तिथेच बहुधा हिवाळ्यात गारवा साचतो. शंका असेल तर सेन्सर दोन-तीन रात्री वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवून बघा. एकाच अंगणात दोन-तीन अंशांचा फरक सहज सापडेल. जागा कळली की दोनच उपाय. एक, कंपाउंडच्या तळाला पाणी जाण्यासाठी असतं तसं भोक किंवा जाळी ठेवून गार हवेला वाट करून द्यायची. दुसरा आणि खरा उपाय म्हणजे तिथे पपई लावायचीच नाही. तिथे गुलाब लावा, कोबी, वाटाणा, मेथी, कोथिंबीर लावा. त्यांना ती थंडी आवडते.

उलट घराची पश्चिमेकडची किंवा दक्षिणेकडची भिंत दुपारभर तापते आणि रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहते. हाताने चाचपून बघा, रात्री दहाला तिच्यात कोमटपणा असतो. नाजूक झाडांची जागा ती. पूर्वेची भिंत सकाळच्या कोवळ्या उन्हासाठी सगळ्यांना आवडते, पण गारठलेल्या पानावर एकदम पडणारं सकाळचं ऊन हा दुसरा घाव असतो. त्याबद्दल पुढे येईलच.

झाकूनही का करपतं?

इथे जास्त वेळ थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त मेहनत इथेच वाया जाते.

गोधडी आपल्याला ऊब देते कारण आत आपण गरम असतो. झाडाच्या अंगात अशी ऊब नसते. नुसतं झाड गुंडाळून खोडाशी दोरीने आवळलं, म्हणजे आत ऊब नसलेल्या वस्तूला गोधडी घातली. झाडाला ऊब मिळते ती खालच्या जमिनीतून. म्हणून आच्छादन झाडाला नाही, जमिनीला घालायचं असतं. ते वरून तंबूसारखं सुटून चारी बाजूंनी मातीला टेकलं पाहिजे आणि कडेला विटा किंवा माती टाकून बंद झालं पाहिजे. मधे वीतभर फट राहिली तरी गार हवा तिथून आत शिरते.

दुसरी गोष्ट म्हणजे झाकायची वेळ. बहुतेक जण रात्री जेवण उरकून, नऊ-दहाला बाहेर येतात. तोवर जमिनीने बरीचशी कमाई आकाशाला देऊन टाकलेली असते. सूर्य मावळायच्या आधी, माती अजून उबदार असताना झाकण पडायला हवं. आणि सकाळी ऊन आलं की काढायला हवं, नाहीतर जमीन तापणार कशी? तीन दिवस झाकण न काढता ठेवलं तर तिसऱ्या रात्री आत काही शिल्लकच नसतं. "पहिल्या दोन दिवशी टिकलं, मग गेलं" ही तक्रार तिथूनच येते.

तिसरी गोष्ट कापडाची. प्लास्टिकचा पारदर्शक कागद वारा अडवतो, पण जमिनीतून निघणारी उष्णता त्यातून बरीचशी बाहेर निसटते. शिवाय तो ज्या पानाला टेकतो ते पान हमखास जातं. दिवसा तोच कागद राहिला तर आत झाड शिजतं. त्यापेक्षा जुनी सुती साडी, चादर, बारदान बरं. भाजीच्या वाफ्यासाठी मिरची-कलिंगडवाले वापरतात ते पांढरं क्रॉप कव्हर कृषी सेवा केंद्रात मिळतं, ते हलकं असतं आणि पानांना टेकलं तरी फार बिघडत नाही. प्लास्टिकच हाताशी असेल तर आत कापड, वर प्लास्टिक, आणि बांबूच्या कामट्यांचा सांगाडा करून पानांपासून दूर. कापड दवाने ओलं होऊन झाडावर लोंबत असेल तर तेही नुकसानच करतं, म्हणून सांगाडा हवाच.

आता एक उलटी वाटणारी गोष्ट. पालापाचोळ्याचं आच्छादन आपण सगळे चांगलं म्हणून करतो, आणि उन्हाळ्यात ते चांगलंच असतं. पण थंडीच्या लाटेत पाचटाचा जाड थर दिवसा ऊन मातीपर्यंत पोचू देत नाही आणि रात्री मातीतली ऊब वर येऊ देत नाही. मुळं सुरक्षित राहतात, पण वरची पानं उघड्या मातीवरच्या पानांपेक्षा जास्त गारठतात. मिरची, टोमॅटो, वांग्याच्या वाफ्यातला पाचोळा लाटेच्या दिवसांत बाजूला ओढा, माती उघडी, दाबलेली आणि ओली ठेवा. भुसभुशीत खुरपलेली कोरडी माती सगळ्यात वाईट, तिच्यात हवाच हवा असते आणि ती ऊब धरत नाही. आलं-हळद किंवा वरून कापून टाकलेल्या कंदांवर मात्र पाचोळा राहू द्या, त्यांना फक्त जमिनीखालचंच वाचवायचं असतं.

एक-दोन वर्षांच्या आंब्याच्या कलमाला जुनी पद्धत अजूनही सगळ्यात चांगली आहे. तुराट्या, पऱ्हाट्या किंवा सरमाड उभं करून तीन बाजूंनी आणि वरून खोपटं करायचं, आग्नेयेची बाजू उघडी ठेवायची. दिवसाचं ऊन आत येतं, उत्तरेचा वारा अडतो, आणि रोज काढघाल करावी लागत नाही. मोठ्या आंब्याला काही करू नका. मोहर यायला त्याला थंडी हवीच असते.

तुळशीचं मात्र वेगळं सांगतो. वृंदावन अंगणाच्या मधोमध, वर काही नाही, चारी बाजूंनी मोकळं आणि सिमेंटचं. थंडीसाठी याहून वाईट जागा शोधूनही सापडणार नाही. तुळशीचं लग्न लागलं की महिना-दीड महिन्यात तुळस काळवंडते, त्यात निम्मा वाटा थंडीचा आणि निम्मा मंजिऱ्यांचा. मंजिऱ्या पिकू दिल्या की झाड बी धरून आपलं आयुष्य आवरतं घेतं. त्या हिरव्या असतानाच खुडत राहा. कुंडीतली तुळस असेल तर ओसरीच्या छपराखाली सरकवा. वृंदावन हलत नाही म्हणून त्यावर चार कामट्या रोवून जुनी सुती साडी वृंदावनाच्या कठड्यापर्यंत सोडा. आणि संध्याकाळचा दिवा लावत असाल तर तो विझल्यावरच साडी सोडा. दिव्याच्या उबेने तुळस वाचत नाही, पण साडी पेटू शकते.

पाणी: कोणतं, कधी, कुणाला नाही

निफाडचे द्राक्षवाले पहाटे ड्रीप चालू करतात आणि बागेत शेकोट्या पेटवतात, हे पाहून लोक पहाटे उठून झाडांवर पाइपने पाणी मारतात. इथे दोन घोटाळे होतात.

एक, त्यांचं पाणी विहिरीचं किंवा बोअरचं असतं, थेट जमिनीतून आलेलं, पहाटे हाताला कोमट लागणारं. तुमच्या गच्चीवरच्या सिंटेक्सच्या टाकीतलं पाणी रात्रभर उघड्यावर गारठलेलं असतं. ते पहाटे मुळांवर ओतणं म्हणजे उरलीसुरली ऊबही काढून घेणं. टाकीचंच पाणी असेल तर दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान द्या, म्हणजे ओल्या मातीत तीन-चार तास ऊन मुरेल. ओली माती कोरडीपेक्षा कितीतरी जास्त उष्णता साठवते आणि रात्री हळूहळू सोडते. लाटेचा अंदाज आला की त्याच दुपारी पाणी द्यायचं, तो खरा उपाय. पहाटेचं विहिरीचं पाणी त्यावरची जोड.

दोन, पाणी मातीत द्यायचं, पानावर नाही. पानावर मारलेलं पाणी वाळताना पानाचीच उष्णता घेऊन जातं. पपईला एवढं करूनही जपून. तिच्या बुंध्याशी पाणी साचलं की थंडी राहिली बाजूला, मूळकुजीनेच ती आडवी होते. तिच्या खोडाला मातीची भर द्या आणि पाणी भरीच्या बाहेरून, थोडंच. ॲडेनियम, कोरफड, निवडुंगाला तर महाशिवरात्रीपर्यंत विसरूनच जा.

शेकोटी, बल्ब आणि पाण्याचे कॅन

धुराचा पडदा उष्णता अडवतो अशी समजूत पक्की बसलेली आहे. धुराचे कण त्या कामासाठी फारच बारीक असतात. मदत होते ती आगीच्या उष्णतेची, आणि तीही वारा पडलेला असताना, मोठ्या बागेत, बऱ्याच ठिकाणी लहान लहान शेकोट्या असतील तर. चार झाडांच्या परसबागेत एका कोपऱ्यात कचरा पेटवला तर जवळचं झाड भाजतं, लांबच्याला काही पोचत नाही आणि शेजाऱ्यांच्या घरात धूर जातो. निखाऱ्यांचं घमेलं झाकणाखाली ठेवणं तर मुळीच नको, आग लागायला एक ठिणगी पुरते.

पिवळ्या उजेडाचा जुना ६० वॅटचा बल्ब झाकणाखाली चालतो, कारण तो मुख्यतः उष्णताच देतो. एलईडी लावून उपयोग नाही. पण दव, ओलं कापड आणि उघडी वायर यांचा मेळ मला पटत नाही. त्यापेक्षा पाण्याचे कॅन. २० लिटरचे दोन-तीन कॅन भरून दिवसा उन्हात ठेवायचे, काळे असले तर अजून चांगले, आणि संध्याकाळी झाकणाच्या आत झाडाला लागून ठेवायचे. हिशोब असा की २० लिटर पाणी १० अंशांनी निवताना जेवढी उष्णता देतं ती ६० वॅटचा बल्ब जवळपास चार तास जळल्याइतकी असते. वीज नाही, आग नाही, आणि पारा जितका खाली जाईल तितके ते जास्त देतात. उपाय बिनखर्चाचा आहे म्हणूनच बहुधा कुणी मनावर घेत नाही.

केळी

खानदेशात थंडीने केळीला बसणाऱ्या तडाख्याला चरका म्हणतात. रावेर-यावलकडे बागेच्या उत्तर-पश्चिम बाजूंना शेवरीची दाट ओळ लावतात, ती थंड वारा अडवायलाच. घरच्या दोन-तीन केळींना शेवरी परवडत नसेल तर जुन्या शेडनेटचा पडदा त्याच बाजूंना बांधा. केळीची वाढ साधारण १३-१४ अंशांखाली थांबतेच, त्यात घड बाहेर पडायची वेळ आलेली असेल तर तो पोग्यातच (शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांतच) अडकतो किंवा अर्धवट, वाकडा निसवतो, म्हणजे बाहेर पडतो. यावर हिवाळ्यात इलाज नाही. घड ऐन जानेवारीत निसवणार नाही अशा बेताने लागवड करणं किंवा पिल्लू (बुंध्यालगतचा नवा कोंभ) राखणं एवढंच हातात असतं. निसवलेला घड असेल तर केळीच्याच वाळक्या पानांनी किंवा बारदानाने झाका. वाळलेली पानं लटकत असतील तर ती कापू नका, खोडाचं आवरण म्हणून ती कामाची आहेत.

कुंड्या आणि गच्ची

जमिनीतल्या झाडाच्या मुळांना भोवतालची सगळी माती ऊब देते, कुंडीला चारी बाजूंनी गार हवा. म्हणून तेच झाड जमिनीत टिकतं आणि कुंडीत जातं. सगळ्या कुंड्या घराच्या भिंतीला टेकवून एकमेकींना चिकटून ठेवा, नाजूक मधे, दणकट बाहेर. कडेच्या कुंड्यांना बारदान गुंडाळा. इथे गुंडाळणं बरोबर आहे, कारण आत माती आहे. गच्चीच्या कठड्यावरची एकही कुंडी वर राहू देऊ नका. घरात आणलेली झाडं खिडकीच्या काचेला टेकू नयेत, रात्री काच बाहेरइतकीच गार होते. हिरव्या शेडनेटखाली असलेली झाडं उघड्यावरच्यांपेक्षा थोडी बरी राहतात, पण नेट म्हणजे झाकण नव्हे.

कोणत्या रात्री जागं व्हायचं

रोज झाकपाक कुणालाच जमत नाही. उत्तरेकडे बर्फ पडून गेल्याच्या बातम्या येतात, मग एक-दोन दिवसांत आपल्याकडे कोरडे वारे सुटतात. दिवसा आकाश स्वच्छ निळं, ओठ फुटायला लागलेले, आणि संध्याकाळी वारा एकदम पडला, ती रात्र धोक्याची. ढग असतील तर निवांत झोपा. भरपूर दव पडत असेल तरी थोडा दिलासा असतो, कारण दव जमताना उष्णता सुटते आणि पारा सावकाश उतरतो. दव नाही, धुकं नाही, सगळं कोरडं ठणठणीत, अशा पहाटे पानावर पांढरं काही न दिसताच ते काळं होतं.

सकाळी नुकसान दिसल्यावर

पहिलं काम म्हणजे गारठलेल्या झाडावर पूर्वेकडून एखादं कापड धरून नऊ-साडेनऊपर्यंत सावली करणं. मुळं अजून गार आहेत, पाणी वर चढत नाही, आणि पानावर ऊन आलं की ते सुकतं. त्यात पाणी ओतून फायदा नाही, माती ओली असेल तर अजिबातच नाही.

दुसरं काम काहीही न करण्याचं. काळी पानं बघवत नाहीत म्हणून लोक लगेच कात्री चालवतात. मेलेली पानं खालच्या डोळ्यांवर (जिथून नवी फूट येते त्या जागांवर) झाकण म्हणून राहू द्या. शिवाय छाटणी झाली की झाड नवी कोवळी फूट काढतं आणि पुढची लाट तीच खाते. लाट एकच येते असं थोडंच आहे? फेब्रुवारीच्या सुरुवातीलाही पारा पुन्हा घसरल्याची उदाहरणं आहेत. महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते असं म्हणतात, छाटणीचा तोच मुहूर्त धरा. फक्त मऊ पडून कुजणारा, वास येणारा भाग असेल तर तो लगेच काढा. पपईचा शेंडा असा कुजला तर कुज पोकळ खोडातून खाली उतरते. निरोगी भागापर्यंत तिरपा काप घेऊन वर बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावा आणि पावसाचं-दवाचं पाणी पोकळीत जाऊ नये म्हणून टोकावर प्लास्टिक बांधा.

खत तर नकोच. युरिया किंवा शेणखताची स्लरी देऊन झाडाला "ताकद" देण्याचा मोह टाळा. त्यातल्या नत्राने (नायट्रोजनने) कोवळी फूट येते आणि तिच्यात थंडी सोसायची कुवत नसते. खरं तर दिवाळीनंतरच नत्र थांबवायला हवं. पालाश (पोटॅश) सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दिलं तर झाड काटक होतं, लाटेच्या आदल्या दिवशी ००:००:५० हे पालाशाचं विद्राव्य खत फवारून चमत्कार होत नाही.

जास्वंद, क्रोटन, बोगनवेल मेल्यासारखी दिसली तर नखाने साल जरा खरवडा. आत हिरवं असेल तर जीव आहे. तपकिरी असेल तर थोडं खाली, मग आणखी खाली. हिरवं लागेल त्याच्या वर बोटभर, शिवरात्रीनंतर, काप घ्या. जास्वंद खाली वीतभर जिवंत असली तरी मेपर्यंत पुन्हा उभी राहते. कलमी आंब्यात मात्र हिरवं कलमाच्या जोडाच्या वर आहे ना ते बघा. जोडाच्या खालून फुटलेलं झाड हे रायवळच (साधा, बिनकलमी आंबा) असतं, ते वाढवून हापूस येणार नाही.

केळी सगळ्यात फसवी. पानं सगळी काळी, खोड लोळागोळा, तरी बुडाशी कंद शाबूत असतो. मार्चच्या सुरुवातीला खोड वरून थोडं थोडं आडवं कापत खाली या. आतला भाग तपकिरी आणि पाणचट आहे तोवर कापत राहा. पांढराशुभ्र, घट्ट गाभा लागला की थांबा. गाभा जिवंत असेल तर दोन-तीन दिवसांत कापाच्या मधोमध नवं पान बोटभर वर आलेलं दिसतं. घड अडकून मेला असेल तर तो बुंधा ठेवून उपयोग नाही, कारण केळीचं एक खोड एकदाच निसवतं. तो जमिनीलगत तोडा आणि सगळ्यात जोमदार एक पिल्लू राखून बाकीची काढून टाका.